केरू गोताडच्या कुबड्या

१

आठल्ये वकिलांचे कारकून हरिश्चंद्र शिवलकर सकाळी ऑफिस उघडायला आले, तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपलेला केरू गोताड तिथे नव्हता. दार बाहेरून नुसतं ओढून घेतलेलं होतं. सतरंजीची घडी बाकावर ठेवलेली होती. आणि दारामागच्या कोपऱ्यात केरूच्या कुबड्या उभ्या होत्या.

केरूला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. लांज्याकडच्या एका चिरेखाणीत चिऱ्यांनी भरलेला ट्रक मागे घेताना तो चाकाखाली आला होता. खाणमालकाने हा माझा कामगारच नव्हे म्हणून हात वर केले, तेव्हापासून आठल्ये वकील त्याची केस चालवत होते. अपघातात हात गेला, पाय गेला की आठल्यांकडे जायचं, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. आज कोर्टात केरूची स्वतःची साक्ष होती. गावाहून सकाळची एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून आदल्या संध्याकाळीच त्याला रत्नागिरीला आणून ऑफिसात झोपवलं होतं.

सन २००१चा नोव्हेंबर होता. हरिश्चंद्रांनी मागच्या अंगणातल्या विहिरीत डोकावून पाहिलं आणि आठल्यांना फोन लावला. आठल्ये आले, त्यांच्यामागून त्यांची ज्युनियर नीरजा साठ्ये आली. गळ टाकून विहीर धुंडाळली. काही मिळालं नाही. एसटी स्टँडवर, सिव्हिल हॉस्पिटलात, भाट्याच्या पुलावर माणसं जाऊन आली. कुबड्यांशिवाय दारापर्यंतसुद्धा न जाणारा माणूस कुणाच्याही दृष्टीस पडला नव्हता.

कोर्टाने आठवड्याने तारीख दिली आणि बजावलं, की साक्षीदार पुन्हा आला नाही तर अर्ज निकालात काढला जाईल.

दुपारी नीरजा एकटीच त्या खोलीत जाऊन उभी राहिली. चिपळूणहून इथे येऊन तिला थोडेच महिने झाले होते. झाडगावात एक भाड्याची खोली, तिथला स्टोव्ह आणि हे ऑफिस यापलीकडे या शहरात तिची ओळख नव्हती. काल संध्याकाळी केरू याच बाकावर बसला होता. तिने त्याला जेवलात का विचारलं, त्याने मान हलवली. दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचलं नव्हतं.

तिने कुबड्या नीट पाहिल्या. त्या टाकलेल्या नव्हत्या, पडलेल्याही नव्हत्या. एकमेकींना सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. शेजारी उजव्या पायाची एकच चप्पल होती, भिंतीला टाच लावून. आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक सेफ्टी पिन होती, बंद केलेली.

जीव द्यायला निघालेला माणूस पिन बंद करून ठेवतो का, असं तिच्या मनात आलं. पण मग एका पायाचा माणूस कुबड्या आणि चप्पल मागे ठेवून जातो, तो जातो तरी कसा?

२

आठल्ये वकिलांना शंका नव्हती. त्यांचं म्हणणं, खाणमालकानेच माणसं पाठवून त्याला उचलून नेलं. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणाऱ्या रघूने त्याला दुजोराच दिला. खाणीवरचा मुकादम आदल्या संध्याकाळी गल्लीत घुटमळत होता, हे त्याने पाहिलं होतं. सकाळी मात्र गल्लीतून कुबडीवाला कोणी गेला नाही, गाडीही आली नाही. टपरी तो उजाडायच्या आत उघडतो, त्यामुळे कोणी गेलं असतं तर दिसलंच असतं.

नीरजाने मुकादमाला मारुती मंदिराजवळच्या हॉटेलात गाठलं. त्याने काही लपवलं नाही. मालकाने तडजोडीचा निरोप देऊन पाठवलं होतं, केरूने ऐकून घेतलं आणि वकिलांशी बोला म्हणून सांगितलं, एवढंच झालं. मग चहाचा कप बाजूला सरकवून तो म्हणाला,

"मॅडम, उचलून न्यायचा असता तर कुबड्या कशाला बांधून ठेवल्या असत्या आम्ही? आणि माणूस उचलताना त्याची चप्पल कोण भिंतीला लावून ठेवतो?"

हेच नीरजालाही वाटत होतं. ती ऑफिसात परतली आणि तिने हरिश्चंद्रांना विचारलं, की काल रात्री शेवटी केरूशी ते काय बोलले. हरिश्चंद्र आठल्यांकडे पंचवीसेक वर्षं होते. अशिलांशी बोलायचं ते त्यांनीच, तारखा सांगायच्या त्यांनीच. वकीलसाहेब अशिलांना कोर्टाच्या पायरीवरच भेटत.

"साक्ष कशी द्यायची ते समजावलं," हरिश्चंद्र म्हणाले.

म्हणजे काय समजावलं, असं तिने विचारलं. ते कपाटातले कागद लावू लागले. नेहमीचंच, म्हणाले, आणि नंतर तिच्याकडे पाहिलंच नाही.

३

दुसऱ्या दिवशी केरूची बायको काशी आली. उंच, वाळलेली बाई. एसटीतून उतरून सरळ चालत आली होती. नवरा नाहीसा झाल्याचं तिला गावातल्या फोनवर कळलं होतं. आठल्यांनी तिला धीर दिला, पोलिसांत वर्दी दिल्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही. तिची नजर एकदा कोपऱ्यातल्या कुबड्यांकडे गेली आणि तिथेच थांबली.

नीरजाने तिला पाणी दिलं. काशीने ते तसंच हातात धरलं आणि हळूच विचारलं,

"ताई, आंगात पँट कंची व्हती तेंच्या?"

प्रश्न इतका अनपेक्षित होता, की नीरजाला क्षणभर आठवेना. मग आठवलं. तपकिरी पँट. डावा पाय गुडघ्याशी वर दुमडून पिनेने अडकवलेला.

"तपकिरी होती," ती म्हणाली.

काशीने मान डोलावली आणि पाणी प्यायली. तिला विचारलं, की केरू कुठे गेला असेल. नाय म्हायत. घरात काही भांडण झालं होतं का? नाय. जिवाचं काही बरंवाईट करील असं वाटतं का? यावर मात्र ती चटकन म्हणाली, "तसां नाय करायचे ते."

इतर बायका नवरा जिवंत आहे का ते विचारतात. हिने पँट विचारली. आणि रंग ऐकून तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. काशीला काहीतरी ठाऊक होतं, आणि ते ती नवऱ्यापासूनसुद्धा लपवत होती की काय, असा विचित्र विचार नीरजाच्या मनात आला.

त्या संध्याकाळी भाकरी भाजताना तिला ती तपकिरी पँट पुन्हा डोळ्यांसमोर आली. दुमडलेल्या पायाची कड वर आली होती. त्या कडेला काहीतरी होतं. परवा बघताना खटकलं होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं.

४

अशिलांचा दिवस गुरुवारचा. बाकावर आनंदीबाई फडके आणि विनोद मांडवकर बसले होते. आनंदीबाईंचा मुलगा एसटीच्या अपघातापासून चाकाच्या खुर्चीत होता. विनोदची उजव्या हाताची बोटं एमआयडीसीतल्या प्रेसमध्ये गेली होती. नीरजा त्यांच्यामध्ये बाकावर बसली. आजवर असं कोणी वकील तिथे बसलं नव्हतं, त्यामुळे दोघंही जरा आवरून बसले.

तिने केरूबद्दल विचारायच्या आधी त्यांच्याबद्दलच विचारलं. इथे कसे आलात, काय अनुभव आला. आनंदीबाई म्हणाल्या, अनुभव वाईट नाही. हरिश्चंद्र तारखा चुकवत नाहीत, वेडंवाकडं बोलत नाहीत. फक्त सुरुवातीला त्यांनी एक सांगितलं होतं. मुलगा घरी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचा, त्या केस संपेपर्यंत बंद ठेवा. समोरच्या वकिलाला कळलं तर तो म्हणेल, पोरगा कमावता आहे. त्यांनी बंद केल्या. मुलं यायची थांबली. मुलगा आता खिडकीशी बसतो आणि ओटीवर कुणाची पावलं वाजली तरी मान वळवत नाही.

विनोद गावच्या नमनात, शिमग्याच्या नाचगाण्यांच्या खेळात, मृदंग वाजवायचा. उरलेल्या पंजाने वाजवायला तो पुन्हा शिकत होता. त्यालाही हरिश्चंद्रांनी थांबवलं होतं. हात चालतोय असं कुणाच्या नजरेला पडता कामा नये. तेव्हापासून नमनाच्या दिवशी तो घरात दार लावून बसत असे.

"आणि केरूभाऊंना काय सांगितलं होतं?" नीरजाने विचारलं.

विनोदने उरलेला पंजा खिशात घातला. मग म्हणाला, "त्याला बसून राहायला सांगितलं होतं, मॅडम. पडवीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं." त्याने पुढे विचारलं, "तो गेला ते एवढं वाईट झालं का?"

नीरजा उठली. खिडकीपाशी गेली. पिन अजून तिथेच होती. ती तिने उचलली आणि पहिल्यांदाच तिला साधा प्रश्न पडला. ही पिन असते कशाला? पँटचा रिकामा पाय वर अडकवायला. मग ती काढायची केव्हा?

आणि तपकिरी कापडाच्या कडेला काय होतं, ते तिला आठवलं. लाल माती होती. सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळमाळावरची, जांभ्याची धूळ, कापडाच्या विणीत मुरलेली. जो पाय कायम गुडघ्याशी दुमडलेला असतो, त्याच्या शेवटच्या कडेला जमिनीची धूळ लागली होती.

ती गल्लीच्या तोंडाशी गेली. रघूला तिने या वेळी कुबड्यांचं विचारलंच नाही. त्या सकाळी पँट घातलेला आणि पायात बूट असलेला, तुझ्या ओळखीचा नसलेला माणूस गेला का, असं विचारलं.

रघूला लगेच आठवलं. गेला होता. खांद्याला पिशवी, पायात नवे कॅनव्हासचे बूट. बूट चावत असावेत, फार जपून चालत होता.

५

आठल्ये वकील आणि हरिश्चंद्र दोघंही आतल्या खोलीत होते. नीरजाने दार लावून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं.

केरूला कोणी उचलून नेलेलं नाही आणि त्याने जीवही दिलेला नाही. तो आपल्या पायांनी गेला, दोन्ही पायांनी. त्याच्या पिशवीत नकली पाय होता. बहुधा चिपळूणला झालेल्या जयपूर फूटच्या शिबिरातून त्याने तो आणला असावा. सकाळी त्याने तो बांधला, पिन काढून पँट खाली सोडली, दोन्ही पायांत बूट घातले. कुबड्या आणि एकटी चप्पल त्याला नको होती, म्हणून ती नीट ठेवून दिली. रघू कुबडीवाला शोधत होता, म्हणून समोरून गेलेला माणूस त्याला दिसूनही दिसला नाही. हा पाय केरूने बराच काळ वापरला आहे. लोकांची नजर चुकवून सड्यावर चालण्याचा सराव केला आहे, नाहीतर कापडात माती मुरली नसती.

"लपवून कशाला?" आठल्ये म्हणाले. "पाय लावला म्हणून केसला काय होतंय?"

नीरजा हरिश्चंद्रांकडे वळली. "ते तुम्ही सांगा."

हरिश्चंद्र खुर्चीत बसले. नेहमीच्याच शांत आवाजात ते सांगू लागले. फार वर्षांपूर्वी एका अशिलाला समोरच्या पक्षाने विहिरीवरून कळशी आणताना पाहिलं होतं आणि त्याची केस पडली होती. तो माणूस नंतर या दारात येऊन एक अक्षर न बोलता बसून राहायचा. तेव्हापासून ते प्रत्येकाला सांगत आले, की काम करू नका, हिंडू नका, दिसू नका.

"आणि केरू इथे झोपला त्या रात्री?"

"कोर्टात साहेबांसमोर एकदा पड, म्हणालो," हरिश्चंद्र म्हणाले. "कुबडी सुटल्यासारखी करून. म्हणालो, जजसाहेबांना दिसायला हवं."

आठल्ये खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत ते म्हणाले, की कायद्याच्या हिशेबी पाय गेला तो गेला, लाकडाचा लावला म्हणून तो परत येत नाही, आणि चिरे काढणाऱ्या माणसाला तर तो खाणीत परत नेत नाही. हे अगदी पहिल्या दिवसाचं शिक्षण आहे. हरिश्चंद्रांनी मान वर केली.

"तुम्ही कधी बोलला नाहीत, साहेब."

"तू कधी विचारलं नाहीस," आठल्ये म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना ते उत्तर पुरेसं नाही हे कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

६

काशी धर्मशाळेत उतरली होती. नीरजाने तिला विचारलं, की नवऱ्याचे कपडे कोण धुतं. काशीने तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं, की आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. पँटची लाल झालेली कड तिने वर्षभरापूर्वीच धुतली होती. काजूच्या बागेत वाळक्या पानांच्या पातेऱ्याखाली गोणपाटात गुंडाळलेला पायही तिने पाहिला होता. त्यांनी सांगितलं नाही, म्हणून तिनेही विचारलं नाही. कोर्टात बायकोला शपथेवर विचारतात, असं हरिश्चंद्रांनी केरूला सांगितलं होतं. बायकोला खोटं बोलावं लागू नये म्हणून तो गप्प राहिला असेल, असं तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसरं एक कारणही तिच्या मनात येई. पाय आल्यावर हा माणूस निघून जाणार, म्हणून सांगत नसेल. तपकिरी पँट त्याची चांगली पँट होती. ती घालून गेलाय म्हटल्यावर तो जगायला गेलाय, एवढं तिला कळलं होतं.

कुठे गेला ते शेवटी विनोदने सांगितलं. शिबिरात केरूची धाकू नावाच्या एकाशी ओळख झाली होती. त्यालाही एक पाय नव्हता. गुहागरला त्याची आंब्याच्या कलमांची नर्सरी होती आणि तो केरूला सारखा ये म्हणून सांगत होता.

नीरजा आणि काशी एसटीने निघाल्या. चिपळूणला गाडी थांबली तेव्हा नीरजा खाली उतरली नाही. तिचं घर तिथून जवळच होतं. आई गेल्यापासून ते बंद होतं आणि किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. काशीने तिला पिशवीतली भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. दोघी गाडीत बसूनच जेवल्या.

पोफळींच्या सावलीत कलमांच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा होत्या. केरू हातात झारी घेऊन पाणी घालत होता. फाटकाशी काशीला पाहिल्याबरोबर तो थबकला आणि त्याचा मोकळा हात आधार शोधत बाजूला गेला. तिथे काहीच नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

"मना म्हायत व्हतां," काशी म्हणाली.

"कवापासना?"

"पैल्या धुन्यापासना."

"मंग बोललीस का नाय?"

"तुमी बोललाव नाय म्हनून."

केरूने झारी खाली ठेवली. काशी पुढे गेली नाही आणि तोही आला नाही. दोघांच्या मध्ये कलमांची एक रांग होती. नीरजाला तिथून निघून जावंसं वाटलं, पण तिला जे सांगायचं होतं ते सांगितल्याशिवाय जाता येत नव्हतं. तिने सांगितलं. नकली पायाने केसला धक्का लागत नाही. कधीच लागला नसता. पहिल्या वर्षीच तो लावून उघड हिंडायला हरकत नव्हती.

केरू ते ऐकत उभा राहिला. मग कडेच्या चिऱ्यावर हळूहळू बसला. बसताना त्याला दोन्ही हात टेकावे लागले. पडवीतल्या वर्षांबद्दल तो बोलू लागला. माणसं येत, बघत, हळहळत आणि जात. पुढेपुढे बघायलाही थांबेनाशी झाली. जाखडीच्या नाचाला पोरं बोलवायला येत, तीही थांबली. काशी शेतावर गेली की दिवसभर आवाज फक्त कोंबड्यांचा. हे सगळं त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मग विचारलं,

"ती बसून काडलेली वर्सां. तेंची केस कोनावर करायची, मॅडम?"

"आमच्यावर," नीरजा म्हणाली.

केरूने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून तिला ते जास्त जड गेलं. तो उठला आणि उरलेल्या रांगेला पाणी घालून घेतलं. मग म्हणाला, तारखेला येईन, पण पडणार नाय.

७

तारखेला केरू तपकिरी पँट आणि कॅनव्हासचे बूट घालून आला. साक्षीच्या पिंजऱ्यात तो आपणहून चढला. खाणमालकाच्या वकिलाला वाटलं, आयतंच सापडलं. त्याने विचारलं, तुम्ही चालू शकता ना? केरूने हो म्हटलं. पँट वर करून दाखवायला सांगितल्यावर त्याने दाखवली. जजसाहेबांनी विचारलं, चालताना दुखतं का.

"दुखतो. पन चालतो," केरू म्हणाला.

आठल्ये उभे राहिले आणि त्यांनी कायदा सांगितला. त्याला फार वेळ लागला नाही. निकाल पुढे काही महिन्यांनी केरूच्या बाजूने लागला.

हरिश्चंद्र कोर्टाच्या शेवटच्या बाकावर बसले होते. त्या आठवड्यात ते स्वतः एकेका अशिलाच्या घरी गेले. आनंदीबाईंच्या मुलाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की आता मुलं येतील का. विनोद नमनाच्या मंडळाकडे गेला, पण त्याच्या जागी दुसरा मृदंगवाला कधीच बसला होता आणि तो चांगला वाजवत होता. त्या वर्षी विनोदने नमन बाहेर उभं राहून पाहिलं. नीरजाने दर गुरुवारी बाकावर बसायला सुरुवात केली. लोकांना बोलायला वेळ लागला.

साक्ष झाल्यावर केरू आणि काशी एसटी स्टँडकडे निघाले. गुहागरला जायचं की गावाला, हे अजून ठरलेलं नव्हतं. नीरजा कोर्टाच्या फाटकाशी उभी राहून बघत होती. इतकी वर्षं काशी पुढे चालायची आणि दर वळणावर मागे वळून थांबायची. आजही ती सवयीने पुढे गेली, थांबली, तोवर केरू तिला ओलांडून गेला. मग तो थांबला. ती आली, दोन पावलं बरोबर चालली आणि पुन्हा पुढे निघून गेली. एकमेकांच्या बरोबरीने कसं चालायचं, हे दोघांनाही जमत नव्हतं. उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत ती दोघं तशीच, कधी हा पुढे, कधी ती पुढे, जात राहिली.